बेकरीचा नवा माल काढताय? कच्च्या मालाचे भाव असे ताडून बघा

सांगलीच्या गणपती पेठेत चार दुकानं फिरायची, मैदा-साखर-तुपाचे भाव वहीत उतरवायचे, सगळ्यात स्वस्त दुकानाच्या नावाखाली रेघ मारायची. नवीन बेकरीवाल्याची तुलना बहुतेक वेळा इथेच संपते. पण वहीत असतो तो पोत्याचा आणि डब्याचा भाव. तुमचं बिस्किट कितीला पडणार, हे त्यात कुठेच नसतं. हे दोन आकडे जुळवायला थोडं गणित आणि बरंच वजन-काटा लागतं. ते कसं करायचं, ते इथे क्रमाने लिहितो.

बिस्किट, नानकटाई, केक, पाव असं काही विकायला काढणाऱ्या, पण अजून दर न ठरवलेल्या माणसासाठी हे आहे. घरच्या ओव्हनवर ऑर्डर घेणाऱ्या ताई असोत की कुपवाडला शेड घेतलेला पोरगा असो, रीत हीच. उदाहरणाला मी एकच पदार्थ धरतो: बेदाणा घातलेलं खपली गव्हाचं बिस्किट. दोन्ही जिन्नस आपल्याच जिल्ह्यातले. लेखातले भाव हिशोब समजावा म्हणून धरलेले गोल आकडे आहेत, त्या जागी तुम्ही आजचे भाव घाला.

हाताशी काय हवं

- दोन काटे. एक पंचवीस-तीस किलोपर्यंतचा आणि एक ०.१ ग्रॅम दाखवणारा. बेकिंग पावडर, मीठ, इसेन्स मोठ्या काट्यावर मोजू नका.
- प्रत्येक दुकानदाराकडून लेखी भाव. व्हॉट्सॲपवर आला तरी चालेल, पण त्यात वजन, जीएसटी धरून की सोडून, आणि माल पोहोच की दुकानातून उचलायचा, या तीन गोष्टी हव्यात.
- मैदा, बटर, मार्गारीन, कोको यांची स्पेसिफिकेशन शीट, म्हणजे मालात काय किती टक्के आहे ते सांगणारा कागद. मागितली की मिळते. देत नाहीत त्यांच्याकडून मोठी खरेदी नको.
- तुमची एफएसएसएआयची (अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी आणि दुकानदाराचा क्रमांक. १ जानेवारी २०२२ पासून अन्नपदार्थ विकणाऱ्याने बिलावर १४ अंकी क्रमांक छापणं सक्तीचं आहे. कच्च्या बिलावर दोन रुपये स्वस्त मिळालेलं तूप उद्या तक्रार आली तर कुणाचं म्हणून दाखवणार?
- वही किंवा एक्सेल. दोन्हीत गणित सारखंच येतं.

१. कृती वजनात बांधा

वाटी, चमचा, "अंदाजाने" हे शब्द आधी काढून टाका. पिठाचं वजन १०० धरायचं आणि बाकी सगळं त्याच्या प्रमाणात लिहायचं, ही बेकरीतली जुनी रीत. आपलं बिस्किट असं बसतं: खपलीचं पीठ १००, बटर ५०, पिठीसाखर ४५, बेदाणा १५, दूध पावडर ३, बेकिंग पावडर १, मीठ अर्धा, पाणी १०.

असं लिहिलं की एक किलोचा नमुना आणि दहा किलोचा घाणा यांची कृती एकच राहते, आणि कुठलाही घटक बदलला तर खर्चावर काय होतं ते लगेच कळतं.

२. पैसा कुठे जातो ते आधी बघा

दहा किलो पिठाचा घाणा धरू.

- खपलीचं पीठ १० किलो, ९० रुपयांनी: ९००
- बटर ५ किलो, ५२० रुपयांनी: २,६००
- साखर साडेचार किलो, ४४ रुपयांनी: १९८
- बेदाणा दीड किलो, ३०० रुपयांनी: ४५०
- दूध पावडर ३०० ग्रॅम, ३५० रुपयांनी: १०५
- बेकिंग पावडर आणि मीठ: २१

एकूण ४,२७४ रुपये. त्यात एकटं बटर ६१ टक्के. साखर पाच टक्केही नाही.

आता बघा, साखर किलोमागे दोन रुपयांनी स्वस्त मिळाली तर अख्ख्या घाण्यात नऊ रुपये वाचतात. बटर वीस रुपयांनी स्वस्त मिळालं तर शंभर. तरीही लोक साखरेसाठी मार्केट यार्डपर्यंत जातात आणि बटर मात्र जवळच्या डेअरीतून सांगेल त्या भावाने उचलतात. साखर आपल्या भागातली म्हणून तिच्या भावावर बोलायला सगळ्यांना आवडतं, एवढंच त्यामागचं कारण असावं. यादी रुपयांच्या उतरत्या क्रमाने लावा आणि वरच्या तीन नावांवर तुमचा नव्वद टक्के वेळ घाला.

३. सगळं एका मापावर आणा

बाजारात मैदा पोत्याने, अंडी शेकड्याने, गूळ रव्याने (ढेपेने) आणि तेल डब्याने मिळतं. तुमची कृती मात्र ग्रॅममध्ये असते.

सगळ्यात जास्त फसगत तेलाच्या डब्यात होते. १५ किलोचा डबा आणि १५ लिटरचा डबा शेजारी ठेवले तर सारखेच दिसतात. एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं, म्हणजे १५ लिटरच्या डब्यात सुमारे १३ किलो ६५० ग्रॅम. किलोचा डबा २,१०० रुपयांना आणि लिटरचा २,००० रुपयांना असेल, तर पहिला किलोला १४० ने पडतो आणि दुसरा १४६.५० ने. शंभर रुपये वाचवायला गेलात आणि किलोमागे साडेसहा जास्त दिले.

अंड्याचंही तसंच. विकत नगाने, वापर वजनाने. कवच साधारण दहा-बारा टक्के जातं. सहा रुपयांचं बारीक अंडं फोडून ४२ ग्रॅम भरलं तर किलो १४३ रुपयांना पडतं. साडेसहाचं मोठं अंडं ४९ ग्रॅम भरलं तर १३३ ला. केकवाल्यांनी ट्रेमधली दहा अंडी फोडून वजन करावं, मगच दुकान ठरवावं.

गुळाचा ३० किलोचा रवा आणि एक किलोचा रवा यांच्या भावात पॅकिंगचा फरक असतो. बिस्किटासाठी तो फोडायचाच आहे, तेव्हा मोठा घ्या.

४. त्या किलोत कामाचं किती आहे?

हा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून सावकाश वाचा.

बिस्किटात आपल्याला हवा असतो स्निग्धांश. बटरच्या किलोत तो किलोभर नसतो. टेबल बटरमध्ये किमान ८० टक्के दुग्धस्निग्धांश असावा लागतो आणि पाणी १६ टक्क्यांपर्यंत चालतं. डेअरीचं पांढरं लोणी, म्हणजे कुकिंग बटर, त्याला किमान ७६ टक्क्यांची अट. तुपात जवळपास सगळाच स्निग्धांश. आता भाव लावा:

- पांढरं लोणी ५०० रुपये, ७६ टक्के: स्निग्धांशाचा किलो ६५८ ला
- टेबल बटर ५२० रुपये, ८० टक्के: ६५० ला
- तूप ६२० रुपये, साडेनव्याण्णव टक्के: ६२३ ला

वहीत ज्याच्या नावाखाली रेघ मारली असती ते लोणी इथे सगळ्यात महाग ठरलं. अर्थात ७६ आणि ८० हे किमान आकडे आहेत. तुमच्या डेअरीचं लोणी ८२ चं असेल तर उत्तर फिरेल, म्हणून टक्केवारी विचारायचीच.

पण म्हणून ५ किलो बटर काढून ५ किलो तूप ओतू नका. बिस्किट ट्रेवर पसरेल आणि पाकिटाला तेलकट डाग पडतील. ५ किलो बटरमधला स्निग्धांश ४ किलो, तेव्हा तूप ४ किलो. बटरबरोबर येणारं आठशे ग्रॅमच्या आसपास पाणी आता येणार नाही, ते पाणी किंवा दूध म्हणून थोडं थोडं घालून पीठ कसं मळतंय ते बघा. खारं बटर वापरत असाल तर कृतीतलं मीठ कमी धरलेलं असणार, तुपावर जाताना ते वाढवा. घाण्याला १२० रुपये वाचतात. हे वाचवण्यासारखे आहेत की नाहीत ते चव बघून ठरवा. माझं मत विचाराल तर खपलीला तूप जास्त शोभतं.

वनस्पती (डालड्यासारखं वनस्पती तूप) धरली तर गणित एकदम बदलतं. १५० रुपयांनी ४ किलो म्हणजे ६०० रुपये, घाण्याला दोन हजारांची बचत. पण तो वेगळा पदार्थ झाला, त्याचं गिऱ्हाईक वेगळं आणि दरही वेगळा. दोघांची तुलना एकाच रकान्यात करू नका. वनस्पती, मार्गारीन, शॉर्टनिंग घ्यायचंच असेल तर ट्रान्स फॅटचा आकडा स्पेसिफिकेशनमध्ये बघा. २०२२ पासून आपल्याकडे त्याची मर्यादा २ टक्के आहे. सुट्या, बिननावाच्या डब्यावर हा आकडा शोधूनही सापडत नाही.

खपली. शेतकऱ्याकडून थेट घेताना ती तुसासकट आहे की सडलेली (कांडून तूस काढलेली), हे आधी विचारा. तुसासकट ५२ रुपये आणि शंभर किलोतून ७० किलो निव्वळ गहू निघाला, तर किलो ७४ ला गेला. वर सडण्याचे चार रुपये. सडलेली खपली ८० ला मिळत असेल तर एवढ्या खटाटोपात जेमतेम दोन रुपये वाचले. ७० चा आकडाही धरून चालू नका, दहा किलो सडून आणा आणि मोजा. पुढे दळणात आणि चाळण्यात आणखी घट येते, ती पिठाच्या भावात धरा.

मैदा. नानकटाईला कुठलाही बरा मैदा चालून जातो. लादीपावाला मात्र मैदा पाणी किती ओढतो त्यावर पैसे ठरतात. ५० किलोचं एक पोतं १,७०० ला, १०० ला ५८ पाणी घेतं. दुसरं १,७२५ ला, ६१ घेतं. पहिल्यातून पीठ-पाणी मिळून ७९ किलो होतात, दुसऱ्यातून साडेऐंशी. किलोला पहिला २१.५२ ने पडतो, दुसरा २१.४३ ने. या उदाहरणात पोत्यामागे साधारण ३२ रुपयांपर्यंत जास्त दिले तरी दुसरा परवडतो, त्याच्या वर गेला की नाही. पोतं आलं की बारदान वजा करून वजन करायला विसरू नका.

बेदाणा. तासगाव आणि सांगलीच्या सौद्यात रंग आणि मण्याचा आकार बघून भाव ठरतो. हिरवागार, लांब मणी महाग, आणि तो असायलाच हवा, पण ताटलीत. बिस्किटात तुम्ही तो चिरणार आणि ओव्हनमध्ये त्याचा रंग जाणार. पिवळसर, बारीक मणी घ्या, फक्त आंबट, वास मारणारा किंवा कचकच लागणारा नको. काड्या निघालेला आहे का बघा. नसेल तर किलोभर निवडायला किती वेळ जातो आणि किती ग्रॅम कमी होतात ते मोजून भावात मिळवा.

यीस्टबद्दल एवढंच: एक किलो ओल्या यीस्टचं काम साधारण ३३० ते ४०० ग्रॅम इन्स्टंट ड्राय यीस्ट करतं. तेव्हा ड्रायचा भाव अडीच-तीन पट दिसला तरी घाबरू नका. ओलं यीस्ट फ्रिजमध्ये ठेवावं लागतं आणि लवकर संपवावं लागतं, तोही खर्चच.

५. वाटखर्च, कर आणि उधारी

हमाली, टेम्पोभाडं, कुरियर हे सगळं त्या त्या मालाच्या किलोवर वाटा. पुण्याहून मागवलेलं चॉकलेट उन्हाळ्यात वितळून आलं तर तेही खर्चात धरायचं.

करात दोन ठिकाणी गोंधळ होतो. पहिलं: मैदा-आट्यासारख्या धान्याच्या पिठावर २५ किलोपर्यंतच्या छापील पाकिटाला ५ टक्के जीएसटी आहे, त्याच्या वरच्या पोत्याला नाही. म्हणून २५ किलोच्या दोन पिशव्या आणि ५० किलोचं एक पोतं यांच्या भावात कराचाही फरक असतो. दुसरं: तुम्ही जीएसटीत नोंदलेले नसाल, किंवा कंपोझिशनमध्ये (छोट्या धंद्यांसाठीच्या सोप्या जीएसटी योजनेत) असाल, तर खरेदीवर भरलेला कर परत मिळत नाही, तो तुमचा खर्च. नेहमीच्या नोंदणीत असाल आणि करपात्र माल विकत असाल, तर कर सोडून तुलना करा. नुसता पाव विकणाऱ्याला नोंदणी असूनही ही सवलत नाही, कारण पावावर करच नाही. आणि २२ सप्टेंबर २०२५ च्या आधीचे जुने भावपत्रक काढून तुलना करत बसू नका. त्या दिवसापासून बटर-तुपावरचा कर १२ वरून ५ वर आला आणि बिस्किट-केकवरचा १८ वरून ५ वर.

उधारी फुकट नसते. बटर रोखीत ५१० ला आणि महिन्याच्या उधारीवर ५२० ला असेल, तर महिन्याला जवळपास दोन टक्के व्याज झालं. बँक त्यापेक्षा स्वस्तात देते.

६. घाणा काढून वजन करा

आतापर्यंतचं सगळं कागदावर झालं. आता ओव्हन लावा.

आपल्या घाण्यात सगळं मिळून सुमारे साडेबावीस किलो पीठ मळलं जातं. भाजताना पाणी उडून जातं आणि वीस किलोच्या आसपास बिस्किट उरतं. त्यातलं तुटलेलं, करपलेलं बाजूला काढलं की विकायला १९ किलो ४०० ग्रॅम. आता ४,२७४ ला १९.४ ने भागा, किलोला २२० रुपये. मळलेल्या पिठाच्या वजनाने भागलं असतं तर १९० आले असते. हा तीस रुपयांचा फरक ज्यांच्या लक्षात येत नाही ते २०० ग्रॅमच्या पाकिटामागे सहा रुपये खिशातून घालत राहतात आणि धंदा चालतोय पण पैसा दिसत नाही म्हणतात.

नमुने काढताना हे सांभाळा:

एका वेळी एकच घटक बदला. मैदाही बदलला आणि तूपही बदललं, तर चव कशामुळे बिघडली ते कळणार नाही.

नमुन्यांवर नुसते अ, ब, क लिहा आणि घरच्यांपेक्षा बाहेरच्या माणसांना चाखायला द्या. "हे तुपातलं बरं का" असं सांगून दिलेलं बिस्किट सगळ्यांना आवडतं.

प्रत्येक प्रकारची काही पाकिटं सील करून कपाटात ठेवा आणि दर आठवड्याला एक फोडा. खपलीचं पीठ कोंड्यासकट असतं, त्यात अंगचं तेल असतं, ते खवट होतं. स्वस्त तुपातलं बिस्किट पहिल्या दिवशी उत्तम लागतं आणि महिन्याने वास मारतं. दुकानदाराकडून परत आलेलं एक पाकीट दहा पाकिटांची बचत खाऊन जातं.

गॅस, मजुरी, वीज, भाडं यांचा हिशोब वेगळ्या पानावर ठेवा. फक्त पॅकिंग इथेच बघून घ्या, कारण त्यात गंमत आहे: २०० ग्रॅमच्या पाकिटात दोन रुपयांची साखर असते आणि पाऊच चार रुपयांचा.

७. भाव कुठल्या महिन्याचा आहे?

नवा बेदाणा फेब्रुवारी-मार्चपासून यायला लागतो आणि दिवाळीच्या तोंडावर मागणी चढते. खपलीची काढणीही साधारण फेब्रुवारी-मार्चच्याच सुमारास. अंडी श्रावणात उतरतात, थंडीत आणि नाताळाला चढतात. म्हणून मार्चमधल्या भावावर दिवाळीच्या फराळाचा दर ठरवू नका. कोको तर आपल्या हातातच नाही: २०२४ मध्ये जागतिक बाजारात त्याचा भाव टनाला १० हजार डॉलरच्या वर गेला होता, तेव्हा चॉकलेट केकचे दर वर्षभरासाठी छापून बसलेल्यांची पंचाईत झाली.

वरच्या तीन घटकांसाठी वहीत दोन भाव लिहा, वर्षातला सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त. विक्रीचा दर जास्तीच्या भावातही तोटा होणार नाही असा ठेवा.

स्वस्त आहे म्हणून भरून ठेवायचं असेल तर किती टिकेल ते आधी बघा. बेदाणा कोल्ड स्टोरेजला राहतो, त्याचं भाडं लागतं. पीठ पावसाळ्यात राहत नाही, अळी पडते. खपली अख्खी ठेवा आणि लागेल तशी दळा. आणि गावभागासारख्या सखल भागात गोडाऊन असेल तर जुलै-ऑगस्टसाठी जमिनीवर माल रचूच नका. २०१९ आणि २०२१ चा पूर पाहिलेल्या सांगलीकराला हे सांगायला नको, पण जागा भाड्याने घेणारा नवीन माणूस हे विचारायला विसरतो.

८. घटक बदलला की पाकीट बदलतं

पाकिटावरची घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते. बटरऐवजी तूप आलं की यादी बदलते, काही वेळा क्रमही बदलतो, पोषणमूल्यांचा तक्ताही बदलतो. पुढच्या बाजूला "शुद्ध तुपातली" लिहून आत अर्धी वनस्पती घालणं म्हणजे गिऱ्हाइकाची आणि कायद्याची, दोघांची फसवणूक. एकदा "बटर कुकीज" नावाने माल गेला की बटर महागलं तरी तुम्हाला दुसरं काही घालता येत नाही, म्हणून नाव ठेवताना घाई नको.

छपाईवाला पाच हजार पाऊच एकदम घेतले तर नगामागे दर बराच उतरवून देतो, आणि तो मोह होतोच. वरचे तीन घटक आणि त्यांचे दुकानदार पक्के होईपर्यंत कोरे पाऊच आणि स्टिकर वापरा. स्टिकरला नगामागे थोडे जास्त जातात, पण यादी बदलली तर फक्त स्टिकर फेकावे लागतात.